कोरडा आवाज

१

श्रीरंजनी शाळेत असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, “तुझे अप्पा काय करतात?” तर ती उभी राहून म्हणाली, “व्हॅम्पायरांना तमिळ शिकवतात.” बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. वास्तविक पोरगी शब्दाला शब्द खरं बोलली होती.

हरिप्रसाद राव परदेशी चित्रपटांचे तमिळ संवाद लिहायचा. त्यातही रक्तपिपासूंचे चित्रपट आले की चेन्नईतल्या डबिंगवाल्यांना दुसरं नाव सुचत नसे. काम वरून सोपं दिसतं. पडद्यावरचा माणूस काय म्हणाला ते तमिळमध्ये लिहायचं, एवढंच. पण त्या परक्याचे ओठ जिथे मिटतात तिथे तमिळ वाक्यातही ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं, नाहीतर थिएटरातली पोरं शिट्ट्या मारतात. इतकी वर्षं हे केल्यावर हरिप्रसादला माणसाच्या डोळ्यांत बघून बोलणंच जमेनासं झालं. तो ओठांकडे बघायचा. मुलगी बघायला तंजावरला गेला तेव्हाही तो मुलीच्या ओठांकडे टक लावून बसला, आणि मुलीच्या आजोबांना असा खोकला आला की आजीने पाणी आणलं.

ती मुलगी म्हणजे त्रिपुरसुंदरी, हरिप्रसादसारखीच घरात तंजावरी मराठी बोलणारी. लग्नानंतर नवऱ्याचा डबा पोचवायला स्टुडिओत गेली, त्या दिवशी नेमकी एक आवाजवाली बाई आली नव्हती, आणि सुंदरीने माइकसमोर उभं राहून अशी किंकाळी मारली की बाहेरचा कॉफीवाला पळून गेला. हे हरिप्रसाद सगळ्यांना सांगायचा. सुंदरी म्हणायची, “आहो, पळाला नव्हता, त्याची सुट्टी झाली होती.” काहीही असो, त्या दिवसापासून तमिळनाडूतल्या सगळ्या देखण्या पिशाचिणी तिच्याच आवाजात बोलू लागल्या.

तिचं एक वाक्य गाजलेलं होतं. या चित्रपटांत कायदा एकच. घरातलं कुणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय रक्तपिपासूला उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून प्रत्येक चित्रपटात तो प्रसंग यायचाच. दार, दारात उभी असलेली ती, आणि प्रश्न: “उळ्ळे वरलामा?” म्हणजे आत येऊ का? सुंदरी हे वाक्य आपल्या घरच्या आवाजापेक्षा दोन पट्ट्या खाली घेई आणि शेवटी किंचित थांबे. भाजी बाजारात बायका तिला ते म्हणून दाखवायला लावत.

शनिवारी दुपारी टीव्हीवर असा एखादा चित्रपट लागला की हे कुटुंब दहीभात आणि तळलेले वडाम घेऊन समोर बसे. मधे श्रीरंजनी, जिला घरात अजून पाप्पाच, म्हणजे बाळच, म्हणत. पडद्यावर आई कुणाच्या तरी मानेला दात लावते आहे आणि इकडे तीच आई “लोणचं घे ग” म्हणते आहे, यात पाप्पाला कधी काही विचित्र वाटलं नाही.

आणि रोज सकाळी सुंदरी निघाली की हरिप्रसाद बाहेरचं ग्रिल उघडून धरायचा. ती म्हणायची, “येते हं.” तो म्हणायचा, “ये. लवकर ये.” त्या घरात कुणी कुणाला ‘जा’ म्हणत नसे. भाजीवाल्याला नाही, विमा विकायला आलेल्या माणसालाही नाही. दुधावर टपलेल्या मांजरालासुद्धा हरिप्रसाद “नंतर ये” म्हणायचा, आणि ते यायचं.

२

सुंदरीला ताप आला. डेंग्यू निघाला. अण्णा नगरच्या हॉस्पिटलात तिला रक्ताच्या बाटल्या चढत राहिल्या. पहिल्या बाटलीला ती हसली होती. म्हणाली, “बघा, एवढी वर्षं मी लोकांचं प्यायले ते खोटं, आता खरं.” मग हसायची थांबली. शेवटी शेवटी तिच्या अंगात तिचं स्वतःचं रक्त किती होतं हा प्रश्न हरिप्रसादच्या डोक्यात आला, आणि तो कुणाला विचारण्यासारखा नव्हता.

नुंगंबाक्कमची ती इमारत जुनी, लिफ्ट नाही. सकाळी तिला न्यायची वेळ झाली. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून पाळीवरच्या कपड्यांतच धावत आलेला तिचा भाऊ व्यंकटेश पुढच्या बाजूला होता. ग्रिलचं दार अरुंद, आणि त्याला स्वतःहून मिटायची खोड. कुणीतरी म्हणालं, “दार धरा, दार धरा.” हरिप्रसादने हातातलं मडकं बाजूला दिलं आणि ग्रिल धरलं. रोज धरायचा तसंच, त्याच हाताने. ती त्याच्यापासून वीतभर अंतरावरून पुढे सरकली.

आणि तो म्हणाला, “ये. लवकर ये.”

आता ही गोष्ट कुणालाही सांगायला लागू नये. मयताच्या घरून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही, आणि घरातलं कुणी ‘या’ म्हणत नाही. माणसं मुकाट्याने पायताणं घालतात आणि उतरतात. तमिळ असो, मराठी असो, दोघांचं इथे एकमत. आणि इथे तर जाणाऱ्यालाच सांगितलं होतं.

जिन्यावरची माणसं थबकली. व्यंकटेशचा पाय पुढच्या पायरीवर तसाच राहिला. मागून हरिप्रसादची थोरली बहीण तुळसीअक्का हलक्या आवाजात म्हणाली, “हरी, काय बोललास रे हें?”

“काय बोललो?” हरिप्रसाद म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

अक्काने पदर तोंडाला लावला. मग कुणीतरी “चला, चला” म्हणालं आणि सगळे उतरले.

३

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि हरिप्रसाद कामावर गेला. न जाऊन करणार काय? घरी भिंती होत्या.

नवा चित्रपट आला होता, अर्थातच त्याच जातीचा. ध्वनीचं काम मंदारकडे. हा पुण्याचा मुलगा, आधी गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला म्हणून चेन्नईत आला आणि तिथे इंजिनांचे आवाज ऐकता ऐकता इकडे घसरला. सुंदरी त्याला स्वतःच्या डब्यातला सांबार-भात द्यायची, त्या बदल्यात तो तिला ‘सुंदरीअम्मा’ म्हणायचा आणि तिच्या तंजावरी मराठीवर फिदीफिदी हसायचा.

“राव सर, एक विचारू?” मंदार पडद्याकडे बघत म्हणाला. “हे लोक अजून का बघतात? सगळं पाठ असतं त्यांना. आरशात दिसत नाही, उन्हात जळतो, लसूण चालत नाही. बालवाडीतलं पोरही सांगेल. तरी दर वर्षी नवा येतो आणि धो धो चालतो.”

“तुला काय वाटतं?”

“देखणे असतात म्हणून. आमच्या कोकणातला समंध दिसायला बरा असता ना, तर त्याच्यावरही भाग एक, भाग दोन निघाले असते.”

हरिप्रसाद हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे ते त्यालाच खोकल्यासारखं वाटलं.

“देखणे असतात, खरं आहे. पण बाकीची भुतं बघ. भिंतीतून येतात, झाडावरून उडी मारतात, सरळ मानगुटीवर. हा एकटाच दारात उभा राहून विचारतो. गेला होता तसाच येतो, एक केस पांढरा नाही. आणि म्हणतो, तू ‘ये’ म्हण, नाहीतर इथेच उभा राहतो. ज्याच्या घरातलं कुणी गेलंय ना मंदार, तो या प्रसंगाला घाबरत नाही. तो खुर्चीत बसून मनात म्हणत असतो, अगं बाई, म्हण की एकदा ‘ये’, म्हणून टाक.”

मंदारने पडदा थांबवला. म्हणाला, “सर, कॉफी सांगू?”

कॉफी आली. ग्लास हातात फिरवत मंदार अडखळत बोलला. “सर, निर्मात्यांचं म्हणणं आहे की बाकी सगळं नव्या बाईंनी केलं तरी चालेल. पण ते दारातलं वाक्य लोकांना अम्मांच्याच आवाजात हवं असतं. माझ्याकडे त्यांच्या जुन्या टेक्सची रेकॉर्डिंग आहेत. तुमची परवानगी असली तरच.”

“लाव,” हरिप्रसाद म्हणाला.

मंदारने लावलं. उळ्ळे वरलामा?

हरिप्रसाद दचकला. तिच्या आवाजाला तो तयार होता. त्या आवाजाच्या उघडेपणाला तयार नव्हता. बूथच्या भिंती कापसासारख्या, त्यात घेतलेला आवाज कोरडा असतो. त्याच्या मागे खोली नसते, जिना नसतो, हवा नसते. नुसता आवाज, जसा डोक्याच्या आत ऐकू येतो. मग मंदारसारखे लोक त्याला विहीर, देऊळ, जिना जे हवं ते चिकटवतात, तेव्हा कुठे तो जगातला वाटायला लागतो. या धंद्यातल्या माणसांना एक खोड जडते. नव्या खोलीत शिरलं की टाळी वाजवून बघायची. हरिप्रसादच्या हॉलला स्वतःचा घुमारा होता, लाल कोब्याच्या फरशीचा आणि उंच छताचा, थोडा पितळी. डोळे बांधले तरी त्याने तो ओळखला असता.

“जिना लावू याला?” मंदारने विचारलं.

“लाव. असं ठेवू नकोस.”

४

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वीज गेली. पाप्पा आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, कानांवर हेडफोन. लॅपटॉपच्या उजेडात तिचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि तो अलीकडे फार लहान दिसायचा. आई गेल्यापासून ती जेवणाच्या ताटावर फक्त बसत होती.

हरिप्रसाद मेणबत्ती शोधत असताना ग्रिलची कडी खुळखुळली.

सुंदरी याच सुमाराला यायची. कडी हलवून, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, “आहो, दार काढा!” त्यामुळे कडी वाजताच हरिप्रसादचे पाय निघाले. तोंडात ‘आलो, आलो’ तयार झालं. माणूस शहाणा असतो तो डोक्यात. पाय अडाणीच राहतात.

दाराशी पोचला, आणि पलीकडून आवाज आला.

“उळ्ळे वरलामा?”

त्याचा हात दाराच्या बोल्टवर होता. तो तसाच राहिला.

तिचाच आवाज. दोन पट्ट्या खाली, शेवटी किंचित थांबलेला. हरिप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्याच्यातला संवाद-लेखक, जो कुठल्याही प्रसंगी झोपत नसे, तक्रार करू लागला. एक म्हणजे ही स्वतःच्या घरात शिरायची परवानगी कधीपासून मागायला लागली? दुसरं, घरच्याशी तमिळ का? आणि तिसरं, या इमारतीच्या जिन्यात कुणी शिंकलं तरी तळापर्यंत घुमतं. ती आत्ताची कडी घुमली होती. आवाज घुमला नव्हता.

आवाज कोरडा होता.

त्याने स्वतःला समजावलं. काल स्टुडिओत ऐकलं, कान अजून तिथेच आहेत. शेजारी टीव्ही चालू असेल. मग आठवलं की वीज गेली आहे. मग त्याने दाराच्या भोकाला डोळा लावला. बाहेर मिट्ट काळोख होता, आणि काळोखाला काही सिद्ध करता येत नाही.

वीज आली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

५

त्यानंतर कडी रोज वाजू लागली.

हरिप्रसादने बुद्धी पणाला लावली. ग्रिलला तेल घातलं, वारा असेल म्हणून. कडीला दोरी बांधली. दोरी तशीच राहिली, कडी वाजली. शेवटी तो समोरच्या नारायणस्वामींकडे गेला. म्हातारे एकटे, मोतीबिंदू पिकलेला, कान मात्र तिखट.

“मामा, संध्याकाळी तुमचा टीव्ही जरा मोठा असतो का?”

“टीव्ही?” म्हातारा म्हणाला. “तो मुलगा केव्हाच घेऊन गेला. मला दिसतंय काय त्यात?” मग त्यांनी आवाज उतरवला. “पण हरिप्रसाद, राग मानू नका. तुमच्याकडे रोज कुणी बाई येते. तिला दारातच उभी करता? चांगल्या घरची रीत नाही ती.”

हरिप्रसादने विचारलं, “कोण बाई?”

“माझे डोळे हे असे. साडी दिसते. काल मी म्हटलं, अम्मा, तोवर आमच्याकडे येऊन बसा, कॉफी घ्या. तिने मानसुद्धा वळवली नाही.” म्हातारा जरा दुखावलेला होता. “तुमच्याच दाराकडे तोंड करून उभी असते.”

त्या दिवसापासून हरिप्रसादने दिवेलागणीचा एक नवाच कार्यक्रम सुरू केला. टीव्ही मोठ्याने लावायचा. पाप्पाला म्हणायचं, मीटिंग नसली तरी हेडफोन घाल, गाणी ऐक, मन रमतं. तिला दारापासून लांब ठेवायचं. कारण या कायद्याचं दुसरं कलम त्याने स्वतःच्या हाताने अनेकदा लिहिलं होतं. ‘ये’ कुणीही म्हणू शकतं, नवरा, पोर, पाहुणा. आणि जो म्हणतो तोच पहिला संपतो. तो स्वतः संपायला तयार होता, खरं सांगायचं तर अधीर होता. रोज दाराशी उभा राहून तो ओठ चावत होता, तो केवळ आत पाप्पा होती म्हणून.

पण पाप्पा बावळट नव्हती.

“अप्पा, मला पण ऐकू येतं,” एका दुपारी ती म्हणाली. आईची चुरगळलेली सुती साडी अंगाभोवती घेऊन ती सोफ्यावर पडली होती. मनगटं काडीसारखी झालेली. “अम्मा. व्हॉइस. संध्याकाळी.”

“टीव्ही असतो ग तो.”

“टीव्ही तुम्ही नंतर लावता. आवाज आधी येतो.” तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने सवयीने तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ थरथरत होते. “आली असली तर आत का घेत नाही तिला? शी मस्ट बी टायर्ड, अप्पा.”

त्याला रागावता आलं नाही. लहानपणापासून तिला जे शिकवलं होतं तेच ती बोलत होती. दारात कुणी आलं तर आधी ‘या’ म्हणायचं, मग नाव विचारायचं.

“पाप्पा, ती अम्मा नाही.”

“तुम्ही बघितलंत?”

त्याने बघितलं नव्हतं. पहिल्या दिवसानंतर भोकाला डोळा लावायची त्याची छाती झाली नव्हती. काही दिसलं नाही तर, आणि काही दिसलं तर, दोन्हींची भीती सारखीच.

त्याने तुळसीअक्काला फोन करून सगळं सांगितलं. तंजावरहून फोनमध्ये तिच्या पंख्याची घरघर येत होती.

“तेव्हांच मला कळलें,” ती म्हणाली. “तू दारांत राहून बोलावलास. ती जायला निघाली होती रे, तिला तू अर्ध्यांत धरलास. अशी कोणी अर्ध्यांत राहिली की तिच्या मागून दुसरेंही येतें. उघड्या दाराला कोण मालक?”

“अक्का, काय करू?”

“काय करणार? ‘ये’ म्हटलास, आता ‘जा’ म्हण.”

“तिला?”

“मग कोणाला? मला?” अक्काचा आवाज फुटला. “एकदां. तोंडावर. ‘जा’ म्हण आणि दाराकडे पाठ कर. पोरीस सांभाळ.”

जन्मात ज्याने मांजराला ‘जा’ म्हटलं नाही, त्या माणसाला हे काम लागलं.

६

त्या संध्याकाळी त्याने टीव्ही लावला नाही. पाप्पा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. त्याने जाऊन पाहिलं, हेडफोन कानांवर, डोळे पडद्यावर, आईची साडी खांद्यावर. त्याने खोलीचं दार ओढून घेतलं. मग हॉलमध्ये उभं राहून, का कुणास ठाऊक, एक टाळी वाजवली. हॉल पितळी वाजला. सगळं जिथल्या तिथे होतं.

कडी वाजली.

“उळ्ळे वरलामा?”

तो दाराशी गेला. ‘जा’ तोंडात घेऊनच गेला, औषधाच्या गोळीसारखं. पण तोंडावर म्हण, असं अक्का म्हणाली होती. त्याने भोकाला डोळा लावला.

खालच्या मजल्यावर ट्यूब होती, तिचा उजेड कठड्यातून तिरपा वर येत होता आणि ग्रिलपलीकडे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हनुवटीपर्यंत पोचत होता. त्याच्या वर काळोख. डोळे नाहीत, कपाळ नाही. एक हनुवटी, एक तोंड. खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला लहानपणी पडल्याची ती बारीक खूण. ज्या ओठांकडे बघून त्याने लग्न केलं होतं ते ओठ.

ते हलत होते.

“उळ्ळे वरलामा?” आवाज म्हणाला.

पण ओठ ते म्हणत नव्हते.

या एका बाबतीत त्याला कुणी फसवू शकलं नसतं. उळ्ळे वरलामा यात ओठ मिटायचे ते अगदी शेवटी, एकदाच. हे ओठ सुरुवातीलाच मिटले, उघडले, लगेच पुन्हा मिटले, आणि मोठे उघडले. पुन्हा तसंच. आणि पुन्हा. तोंड एक बोलत होतं आणि वर दुसऱ्याच कुणाचं वाक्य लावलं होतं. वाईट डबिंग. थिएटर असतं तर पोरांनी शिट्ट्या मारल्या असत्या.

त्याने जन्मभर केलं तेच केलं. आवाज बाजूला सारला आणि ओठ वाचले.

पाप्पा. पाप्पा. पाप्पा.

पुढेही काहीतरी होतं, पण ते तोंड भोकाच्या काचेत डावी-उजवीकडे झुलत होतं, एवढ्या मंद उजेडात पुढचं लागेना. एवढंच लागलं. याला पोर हवी आहे. हरिप्रसादच्या पोटात जे काही दयेचं, आठवणीचं, रडण्याचं साठलं होतं ते क्षणात पेटलं.

“जा!” तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या छातीने. “जा! जा इथून!”

जिना तळापर्यंत घुमला.

ओठ थांबले. अर्धवट उघडे राहिले, कुणाला समजायला वेळ लागतो तसे. झुलणंही थांबलं, आणि ते थांबल्यावर त्याला कळलं की ते झुलणं नव्हतं. माणूस मान हलवून ‘नको, नको’ म्हणतो तेव्हा त्याचं तोंड काचेत तसंच दिसतं.

मग ते ओठ एकदा हलले. आवाज न करता, सावकाश, रोज सकाळी हलायचे तसे.

येते हं.

आणि मिटले. मिटलेले ओठ माणसाचे राहिले नाहीत. पडदा बंद केल्यावर चित्र विझतं तशी ती खूण विझली, हनुवटी विझली. उजेड तिथेच होता, ग्रिलच्या गजांवर पडलेला. मधे कुणी नव्हतं.

“उळ्ळे वरलामा?” आवाज म्हणाला.

कोरडा. तितकाच जवळ. आता त्याला तोंड नव्हतं.

“सुंदरी,” हरिप्रसाद म्हणाला. “सुंदरी, थांब. य... नको, तू...” काय म्हणायचं तेच त्याला उमजेना. कुठलाही शब्द उच्चारायला जागा उरली नव्हती. जी कोणी दारात आडवी उभी राहून रोज अडवत होती, तिला त्याने स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं. त्याने दोन्ही तळवे दारावर दाबले, जणू दार ढकललं जात होतं. दार अजिबात ढकललं जात नव्हतं. पलीकडचं फक्त थांबलं होतं, अगदी सभ्यपणे.

“एन्नप्पा, काय झालं? का ओरडता?”

त्याने मान वळवली. पाप्पा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. त्याच्या ओरडण्याने हेडफोन काढून आली होती, ते गळ्यात लोंबत होते. आईच्या साडीचा पदर फरशीवर लोळत होता.

“आत जा पाप्पा. कान झाक. काही बोलू नकोस.”

“तुम्ही तिला ‘जा’ म्हटलंत?” तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता अविश्वास होता. “अम्माला?”

“ती गेली, कन्ना, बाळा. ही ती नाही. ऐक माझं, ही ती...”

“उळ्ळे वरलामा?”

आवाजाने हे वाक्य यावेळी फार थकून म्हटलं. सुंदरीला जमलं नसतं इतकं सुंदर म्हटलं. पाप्पाचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तिच्या गालांवर रक्त आलं. हरिप्रसाद दार सोडून तिच्याकडे झेपावला, तिचं तोंड झाकायला, पण हॉल मोठा होता आणि शब्द लहान.

“वा म्मा,” पाप्पा म्हणाली. “उळ्ळे वा.” ये अम्मा, आत ये.

ग्रिल हललं नाही. बोल्ट जागच्या जागी राहिला. दार बंदच होतं.

“थँक्स, कन्ना,” त्याच्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं. आणि हरिप्रसादने डोळे मिटून घेतले, कारण आवाज आता कोरडा नव्हता. त्याला लाल फरशीचा आणि उंच छताचा, थोडा पितळी, घुमारा होता.